मेहुण्याच्या यंत्राचं गाऱ्हाणं

आमच्या मेहुण्याइतका अगत्यशील माणूस अख्ख्या घाटकोपरात सापडणार नाही, आणि त्या अगत्यानंच त्याच्या धंद्याची वाट लावली. कांजूरमार्गच्या गाळ्यात तो हातात धरून खेळायचं खेळयंत्र बनवायचा. यंत्र त्याचं, पण खेळ बाहेरच्यांनी लिहायचे. खेळ असले तरच गिऱ्हाईक येणार, आणि गिऱ्हाईक असलं तरच लिहिणारे टिकणार. म्हणून या लिहिणाऱ्यांना तो व्याह्यांसारखं जपायचा. सुरमई वाढून झाल्याशिवाय कामाचं बोलणंच निघत नसे. एकदा एक जण शाकाहारी निघाला, तर बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन गेला, "गो ताय, काळ्या वाटाण्याची उसळ घेवन रिक्षान ये, पावणो उपाशी आसा!" नवा खेळ यंत्रात घालताना तो नारळ ठेवून गाऱ्हाणं घाली, "बा देवा म्हाराजा, ह्येचो खेळ घराघरात पोचू दे रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" शेजारचा खोकेवालासुद्धा आपल्या गाळ्यातून सूर लावायचा. आम्ही म्हणजे मीही. निवृत्तीनंतर मी त्याच्यासाठी माडावर चढून नारळ काढणाऱ्याचा खेळ लिहिला होता.

खोड एकच. पाहुण्याला नाही म्हणणं त्याला जमत नसे. कुणाला बटण मोठं हवं, की केलं मोठं. कुणाला आवाज खणखणीत हवा, की बदलला स्पीकर. दर बदलाला बाकीच्यांचे खेळ अडायचे. "यार, तू एकाचं ऐकतोस आणि आमची वाट लागते," असं कुरकुरत ते सुरमई संपवायचे आणि खेळ दुरुस्त करायचे. शेवटी त्याने पडदाच मोठा केला आणि सगळेच खेळ बंद पडले. सगळं पुन्हा लिहायला कोण बसणार? एकेक जण मोबाईलचे खेळ करायला निघून गेला.

मध्येच त्याला पडद्याचं खूळ लागलं, असं नातेवाईक आजही हसत सांगतात. ते खोटं आहे. पडदा मी मागितला होता. मोतीबिंदूमुळे मला माझाच माड नीट दिसेना. सगळ्यांचे खेळ अडतील, हे त्याने मला सांगितलं होतं. मी म्हणालो, "बघ बाबा, तुझी मर्जी." तो हसला. "भावोजी, घरचो माणूस पयल्यांदाच कायतरी मागता, नाय कसा म्हणू?" आणि सगळे गेल्यावर थोड्याच दिवसांत मीही माझा माड मोबाईलवर नेऊन लावला. त्याने माझं नाव कुणालाही सांगितलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही.

गेल्या रविवारी गाळ्यावर गेलो. तो पाठमोरा उभा होता. पुढ्यात नारळ आणि यंत्र. नवा खेळ एकही नाही. "जे खेळ घेवन गेले, ते जंय आसत थंय सुखी ऱ्हवांदे रे म्हाराजा," तो म्हणाला आणि थांबला. पूर्वी आमचं उत्तर यायला जेवढा वेळ लागे, तेवढाच. मग स्वतःच हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा."

पुढच्या ओळीला मी दारातूनच ओरडलो, "व्हय म्हाराजा!" त्याने वळून पाहिलं नाही.

"भावोजी, येवा. सुरमई अजून अख्खीच आणतंय मी."

आम्ही दोघं जेवलो. ताटं मात्र त्याने नेहमीएवढीच मांडली होती.