दस्ता वाळेना

मी आठवीत शाळा सोडली. तरी बुलढाण्याहून इतक्या लांब येऊन हिंजवडीत एका कंपनीच्या गेटवर गनमनची नोकरी मिळाली, कारण वडील गेल्यावर त्यांची रायफल आणि लायसन्स माझ्या नावावर झालं होतं.

निवडणुकीत रायफल पोलिसांकडे जमा करावी लागली. परत मिळाली तेव्हा लाकडी दस्त्यावर बुरशी धरली होती, पॉलिशचे पापुद्रे सुटले होते. चूक कुणाचीच नाही, इथली हवाच ओली. सुपरवायझर म्हणाला, "सोमवारी साहेब चेकिंगला येणार. असली घेऊन आलास तर दुसरा गनमन बघतो."

जवळच्या जांबे गावातल्या भाड्याच्या खोलीत मी दस्ता सोडवला, नळी ट्रंकेत कुलपात ठेवली आणि दस्ता घासायला बसलो. काचपेपरनं जुनं पॉलिश काढलं, अक्रोडी रंगाचा स्टेन लावला. गाल टेकायच्या जागी लाकूड वडिलांच्या घामानं काळं पडलं होतं, तेही घासलं गेलं. काहीतरी वाटायला हवं होतं. डोक्यात सोमवारच होता.

वडील दस्त्याला जवसाचं तेल लावायचे, गावच्या उन्हात ते वाळून जायचं. माझ्याकडे आईनं खायला दिलेली त्याच तेलाची बाटली होती. चांगलं सढळ हातानं लावलं. शनिवारी बघतो तर बोट चिकटतंय.

घरमालकीण मावशी शेळ्यांना पाला टाकून आल्या. "कसलं लाकूड हाय रं?"

"बंदुकीचा दस्ता, मावशी. वाळेना. नोकरी जाईल माझी."

"येवढं त्याल? वांगी तळाय बसलास का काय?" जुन्या लुगड्याचं फडकं घेऊन त्यांनी ते खसाखसा पुसून काढलं. "नोकरीचं मागनं बघू. धर हितं."

मग परसातल्या चुलीपासून लांब, नुसती ऊब लागेल असा दस्ता टांगला. "जवळ न्हाई, तडकंल." घरात गॅस असून रविवारी दिवसभर त्यांनी चूल विझू दिली नाही. त्यांचे उपकार कसे फेडू, मला कळत नाही.

सोमवारी साहेबांनी दस्त्यावर हात फिरवला, बोटं बघितली. "ठीक है." सुपरवायझरनं मान हलवली. मी राहिलो. आनंद झाला असेल. आठवतं ते एवढंच की पाय दुखत होते.

आईला फोन केला. "तुह्या बाबाची बंदूक कशी दिसते आता? गेटवरचा फोटो पाठव ना."

गेटवर बंदुकीचा फोटो काढलेला चालतो का, हे सुपरवायझरला विचारायचा धीर होत नाही. फोटो अजून पाठवलेला नाही.