हजेरीचा हात

आमच्या वेळी शाळेत हजेरीला तोंड उघडायचं नसे, नुसता हात वर करायचा. म्हणून चाळिशीत ऑनलाइन बी.एड. करायला बसले आणि मोबाइलच्या पडद्यावर हाताचं चित्र दिसलं, तेव्हा मला ते हजेरीचंच वाटलं. वर्गात शिरले की आधी ते दाबायचं, मग निवांत बसायचं.

संख्याशास्त्रात मी दोनदा नापास झाले होते. सिंधीपुऱ्यात ज्या शाळेत मी लहान मुलांना शिकवते, तिथे सांगून ठेवलं होतं, या खेपेला पास नाही झालात तर नोकरी विसरा. तरी दुपारचा तो वर्ग म्हणजे निव्वळ गुंगी. खिडकीला ओला पडदा, पंख्याची घरघर, मोबाइलवर कॅमेरे बंद ठेवलेल्यांचे चाळीस काळे चौकोन आणि कुठून तरी लांबून येणारा मॅडमचा आवाज. शब्द कानावरून तरंगत यायचे आणि तसेच निघून जायचे.

पण माझा हात दिसला की मॅडम हिंदी सोडून मराठीत म्हणायच्या, "बोला ताई, काय अडलं?" अडलेलं तर सगळंच होतं. एकदा तोंडाला येईल ते विचारलं, सरासरी खोटं का बोलते? त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे केळी ना? नऊ घड बारीक आणि एक पहिलवान. मग सरासरी कशी येईल?" मी डोळे मिटले आणि डोईफोडियाला, माहेरच्या बागेत जाऊन उभी राहिले. "त्या एकानं फुगवलेली," मी म्हणाले. दिवसभर ते घड माझ्या डोळ्यांपुढे डुलत होते.

मग एकदा बहिणीच्या मुलीनं पाहिलं. "मावशी, हा हात हजेरीचा थोडी आहे. सवाल विचारायचा राहतो तो."

मी शरमेनं मेले. दुसऱ्या दिवशी हात वर केलाच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या दिवशीचं एक अक्षर मला आठवत नाही.

वर्ग संपताना मॅडम म्हणाल्या, "ताई, आज हात नाही? या काळ्या चौकोनांशी मी एकटीच बोलत असते हो." मी खरं काय ते सांगून टाकलं. त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, "मग रोज हजेरी लावत जा."

मी लावत गेले.

परीक्षेत पहिलाच प्रश्न सरासरीचा आला आणि माझा डावा हात आपसूक वर गेला. पर्यवेक्षक जवळ आले. "काय अडलं?"

"काही नाही, सर," मी म्हटलं आणि लिहायला लागले.