फळीपलीकडचा गोदाकिंग

रंगनाथ देवरे यांना मनातल्या मनात बोली लावताच येत नसे. विंचूरच्या कांदा बाजारात व्यापाऱ्याच्या वतीने बोली लावण्यात त्यांची हयात गेली. आकडा तोंडातून निघाल्याशिवाय तो लागला असं त्यांना वाटायचंच नाही. २००५ साली नाशिकच्या सायबर कॅफेत बसले तरी तेच. आधी खणखणीत ‘दोनशे’, मग दोन बोटांनी टायपिंग.

माणूस पन्नाशीचा, वेड मात्र शाळकरी. नव्वदच्या दशकात च्युइंगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डं मिळायची. जबडा दुखेपर्यंत गम चघळून त्यांनी दहा गडी जमवले आणि फ्रेममध्ये लावले. विकेटकीपर तेवढा मिळाला नाही, आणि ती मोकळी जागा त्यांना वर्षानुवर्षं खुपत राहिली. शेवटी तो इंटरनेटवरच्या लिलावात दिसला. विकणारा नाशिकचाच, कोणी चंदर. रंगनाथरावांनी दीडशेची बोली लावली आणि हरखून गेले.

पण ‘गोदाकिंग’ नावाचा कोणी हात धुऊन मागे लागला. यांनी आकडा टाकला की त्याचा दहाने जास्त. रंगनाथरावांनी त्याच्या जुन्या बोल्या चाळल्या. पठ्ठ्या फक्त चंदरच्याच मालावर बोली लावायचा, आणि माल मात्र कधी घ्यायचा नाही. असले नुसते भाव चढवणारे त्यांनी बाजारात ढिगाने पाहिले होते. शिवाय आपण आकडा बोललो की शेजारच्या केबिनच्या लाकडी फळीपलीकडे कीबोर्ड खडखडतो, हेही आता त्यांच्या ध्यानात आलं.

लिलाव संपत आला तेव्हा रंगनाथरावांची तीनशेची बोली सगळ्यात वर होती. त्यांनी घसा साफ केला, मोठ्याने ‘पाचशे’ म्हटलं आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले. पलीकडे खडखड झाली. पडद्यावर गोदाकिंगचे पाचशे दहा उमटले आणि लिलाव बंद झाला.

ते फळीवरून डोकावले. एक मिशीवाला इसम कपाळाला हात लावून बसला होता.

“चंदरशेठ ना? आपलाच माल आपणच घेतलात की.”

चंदर ओशाळून हसला. “जाऊ द्या काका, तीनशेला न्या.”

“तीनशेपर्यंत तुम्हीच चढवलं. मी दीडशेला बोललो होतो, दीडशेलाच नेणार.”

चंदरने बॅगेतून कार्ड काढून दिलं.

घरी रंगनाथरावांनी विकेटकीपर फ्रेममध्ये बसवला आणि कितीतरी वेळ समोर उभे राहिले. डोळे भरून आले होते. त्यांच्या पत्नी लंकाबाई पदराला हात पुसत शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“झाले ना अकरा? आता बारावा हुडकत बसू नका.”