सेलिनाने नोंद केली होती

हे बायकोला माहीत नाही. ऑफिसात कुणाला कळण्याचा प्रश्नच नाही. एकदा वसईच्या किल्ल्याच्या तटावर एका जुन्या मित्राबरोबर बसलो होतो, तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं — तेवढ्यात त्याने क्रिकेटचा विषय काढला आणि मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे हाही भेकडपणाच. असो. ऐका.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मी ड्रायव्हर लिहायचो. गाडीचा नव्हे हो. पडद्यावर जो प्रोग्राम दिसतो तो एकीकडे, आणि सगळी माहिती जिथे साठते तो डेटाबेस दुसरीकडे. ह्या दोघांच्या मध्ये निरोप्याचं काम करणारा जो छोटासा प्रोग्राम, तो ड्रायव्हर. 'ही नोंद ठेव' हा निरोप न्यायचा, आणि 'ठेवली' किंवा 'ठेवता येत नाही, अमुक अडचण आहे' हा निरोप परत आणायचा. एवढंच. ह्यात हुशारी कसली? पण मी तेव्हा स्वतःला काय समजायचो, विचारू नका. वसई पूर्वेला एका गाळ्यात आमचं टीचभर ऑफिस, बाजूला खिळे बनवायचा कारखाना, आणि मी तिथे बसून जग चालवतोय असा माझा थाट.

आमचं एक गिऱ्हाईक होतं — विरारचे एक डॉक्टर. त्यांची रक्ततपासणीची लॅब. मोठी लॅब विरारला, आणि वसई गावात नमुने गोळा करायचं एक छोटं केंद्र. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली, किल्ल्याच्या आसपासची माणसं तिथे यायची. इकडे चांदीप गावापर्यंत तपासणीची शिबिरं व्हायची, त्यांचेही नमुने ह्याच केंद्रात यायचे. विरारला नवीन प्रोग्राम होता, केंद्रावर जुना, माझ्या ड्रायव्हरवर चालणारा. आणि तो चालवायला सेलिना.

सेलिना पाचूबंदरची. वडील आणि भाऊ बोटीवर. खुर्चीवर बसून नोकरी करणारी त्या घरातली ती पहिली, आणि तिच्या आईला त्याचा केवढा तोरा! मासे विकता विकता गिऱ्हाइकाला सांगायची म्हणे, माझी पोरगी डॉक्टरकडे कम्प्युटरवर असते. सेलिना बोलायची मोठ्याने, हसायची त्याहून मोठ्याने, आणि कामाला पक्की. माणसाचं नाव टाकायची, नमुन्याचा नंबर टाकायची, बाटलीवर तोच नंबर चिकटवायची, आणि सेव्हचं बटण दाबायची. मग पडद्यावर हिरवी खूण यायची. ती खूण आल्याशिवाय समोरच्या माणसाला ती खुर्चीवरून उठू द्यायची नाही. कुणी घाई केली तर म्हणायची, 'बसा जरा, अजून हिरवं नाय झालं.'

हे मी का सांगतोय? कारण ही बाई विसरेल, हे शक्यच नव्हतं. आणि हे सगळ्यांत जास्त मला माहीत होतं. तो प्रोग्राम तिला मीच शिकवला होता. 'खूण आली की नोंद झाली, बिनधास्त राहा' — हे माझे शब्द.

आता माझी करणी. डॉक्टरांना पहिल्यांदा प्रोग्राम दाखवला त्या दिवशी पडद्यावर सारखी लाल पाटी येत होती. अडचण आली की ती यायची, बाकी काही नाही. डॉक्टर वैतागले. 'हे लाल लाल मला दिसता कामा नये,' म्हणाले. आता लाल का येतंय ते शोधायला एक दिवस लागला असता. मी काय केलं? ड्रायव्हरमध्ये चार ओळी लिहिल्या. डेटाबेसने कुठलीही तक्रार केली तरी ती गिळायची, आणि वर शून्य पाठवायचा. आमच्या प्रोग्रामच्या भाषेत शून्य म्हणजे 'सगळं ठीक'. झालं! लाल गेलं, हिरवं आलं. डॉक्टर खूश, आमचा बॉस खूश. त्या चार ओळींवर मी 'नंतर बघू' अशी टीप लिहून ठेवली. आमच्या धंद्यात ही टीप लिहिली की समजायचं, कुणीही कधीही बघणार नाही.

आणि दुसरी घाण त्याच ड्रायव्हरमध्ये होती. नमुन्याचा नंबर जिथून जायचा तिथे मी लहान आकड्याचा प्रकार घेतला होता. त्यात बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढे काही मावत नाही. एकाने जरी पुढे गेलात तरी आकडा उलटा होतो — सरळ वजा बत्तीस हजारांत जातो. हे पहिल्या वर्षाच्या पोराला ठाऊक असतं. मलाही होतं. पण एवढे नमुने कुठे येणार, असं मी ठरवून टाकलं. आणि मग मीच, शहाण्याने, केंद्राचे नंबर विरारच्या नंबरांत मिसळू नयेत म्हणून ते तीस हजारांपासून सुरू करायला सांगितले. म्हणजे खड्डा मीच खणला, आणि सेलिनाला त्याच्या काठावर नेऊनही मीच उभं केलं.

एक दिवस तिचा आकडा तिथे पोचला. नंबर वजा झाला, डेटाबेसने 'असला नंबर चालणार नाही' म्हणून नोंद नाकारली, माझ्या चार ओळींनी ती तक्रार गिळली, आणि सेलिनाला हिरवी खूण दिसली. तिने पुढच्या माणसाला हाक मारली.

आठवडाभर असंच चाललं. विरारच्या लॅबमध्ये बाटल्या पोचत होत्या, पण त्या नंबरांची नोंदच नव्हती, त्यामुळे तपासणी कोणाची करायची आणि कसली, काहीच कळेना. त्यांनी बाटल्या बाजूला ठेवल्या, मग फेकल्या. मग माणसं रिपोर्ट मागायला आली आणि एकच कल्ला झाला. एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांची शीर सापडता सापडत नसे. मागच्या वेळी हाताची चाळण झाली होती, आणि आता परत सुई! ते सेलिनाच्या अंगावर धावून गेले. ती एकच सांगत होती — मी नोंद केली होती.

डॉक्टरांचा मला फोन आला तो दुपारी, मी डबा उघडला होता तेव्हा. 'सिस्टिममध्ये काही घोळ आहे का, बघून सांग.' मी बघितलं. तिथेच बसून पुढचा नंबर टाकला, सेव्ह केलं, हिरवी खूण आली. डेटाबेसमधलं नोंदींचं टेबल उघडलं — तो नंबर तिथे नाहीच. पोळीचा घास हातात होता तोवर मला सगळं कळलं होतं. काय बिघडलंय, कुठे बिघडलंय, कुणामुळे बिघडलंय.

मी डॉक्टरांना फोन केला आणि म्हणालो, 'सिस्टिम एकदम ओके आहे सर. सेव्ह न करताच विंडो बंद होत असणार.'

इतकं सहज. थांबलो नाही, अडखळलो नाही. का बोललो असं? नोकरी जाईल म्हणून? छे! बॉसने दोन शिव्या दिल्या असत्या आणि संध्याकाळी चहा पाजला असता. मला फक्त हुशार दिसायचं होतं. बस्स. एवढ्यासाठी! शी. सांगतानासुद्धा स्वतःची किळस येते.

मग मी ड्रायव्हर दुरुस्त केला. नंबरासाठी मोठा प्रकार घेतला, त्या चार ओळी काढल्या, आणि केंद्रावर जाऊन 'नेहमीची देखभाल' म्हणून नवीन ड्रायव्हर चढवला. त्याच दिवशी डॉक्टरांनी सेलिनाला, नमुने द्यायला आलेल्या लोकांच्या देखत, उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी नवी मुलगी आली आणि सगळं सुरळीत! एक नोंद हरवली नाही. डॉक्टर मला म्हणाले, 'बघितलंस? माणूस बदलला की काम कसं होतं ते.' मी मान डोलावली. विचार करा — माझी दुरुस्तीच तिच्याविरुद्ध पुरावा झाली, आणि मी तिथे उभा राहून मान डोलावली.

पुढचं त्याहून घाण आहे. दोन-तीन दिवसांनी सेलिना आमच्या गाळ्यावर आली. आई बरोबर होती, पण ती बाहेरच थांबली. खिळ्यांच्या कारखान्याच्या आवाजात सेलिनाला ओरडून बोलावं लागत होतं. 'दादा, तुम्ही उघडून बघा ना. मी केलंय सगळं, आईशपथ. तुम्ही बोललात तर सर मानतील, माझं कोनी नाय मानत.'

माझ्यावर विश्वास ठेवून आली होती ती. मी काय केलं माहीत आहे? पडदा तिच्याकडे फिरवला. टेबल उघडलं. त्या तारखा काढल्या आणि रिकाम्या ओळींवर बोट ठेवून म्हणालो, हे बघ सेलिना, इथे काही नाही. अगदी हळुवारपणे म्हणालो, डॉक्टर आजाऱ्याला सांगतात तसं. ती पडद्याजवळ वाकली. मग मला नाही, स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाली, 'मग मी काय करत होते?'

बाहेर जाऊन ती आईला काय म्हणाली ते मशिनच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी परत डबा खायला बसलो असेन. मला खरंच आठवत नाही, आणि आठवत नाही ह्याचीही लाज वाटते.

आता मी मोठ्या कंपनीत आहे. नवीन मुलांना शिकवतो. काय शिकवतो, हसाल — चुका कशा हाताळाव्यात! फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो, 'चूक गिळू नका.' आणि उदाहरण म्हणून हीच गोष्ट सांगतो. हो, हीच. लॅब, नमुने, वजा झालेला आकडा, हिरवी खूण. फक्त त्यात तो ड्रायव्हर लिहिणारा 'माझ्या ओळखीतला एक गाढव' असतो, आणि ती चूक शोधून काढणारा मी असतो. मुलं हसतात. टाळ्या पडतात. सेलिना त्या गोष्टीत नसतेच. मी घरी येतो, जेवतो, झोप लागते. तुम्हाला वाटलं असेल माझी झोप उडाली असेल — अजिबात नाही. निवांत लागते. थू आहे असल्या झोपेवर.

इथवर सगळं जुनं. जुनं म्हणून मीही गुंडाळून ठेवलं असतं. पण गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी बायकोबरोबर पाचूबंदरला मासळी घ्यायला गेलो. बायको पुढे कोळंबीच्या टोपलीपाशी घासाघीस करत होती. मागून हाक आली, 'दादा, ओळखलं का?'

सेलिना. समोर बोंबलांची टोपली. केस पांढरे व्हायला लागलेत, बाकी आवाज तोच. तिने बायकोची चौकशी केली, मुलांची केली. तिची पोरगी आता दहावीला आहे म्हणाली, हुशार आहे. मग हसत हसत म्हणाली, 'मोबाइलवर कायपन करायचं असलं तर आधी तिला दाखवते. माझ्या हाताचा भरवसा नाय. दार लावलं का, गॅस बंद केला का, दहादा बघते. त्या लॅबपासून डोकं असंच झालंय माझं.'

 ती जरा जवळ आली आणि आवाज खाली केला. इतक्या हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. 'एक विचारू दादा? तुम्ही तेव्हा सगळं उघडून बघितलं होतं ना. मी खरंच नव्हतं ना केलं?'

आता नीट ऐका. डॉक्टरांनी ती लॅब कधीच विकली. तो बॉस नाही, तो गाळा नाही, तो प्रोग्राम नाही. खरं बोललो असतो तर माझा एक केसही वाकडा झाला नसता. आणि तिला? तिला तिचं डोकं परत मिळालं असतं. तिथल्या तिथे, त्या टोपलीपाशी. एक वाक्य लागलं असतं. माझ्याकडे ते वाक्य होतं. दुसऱ्या कुणाकडेही नव्हतं.

मी म्हणालो, 'नव्हतं, सेलिना.' आणि वर म्हणालो, 'होतं असं माणसाकडून. मनाला लावून घेऊ नको.'

मी तिला माफ केलं. मी — तिला!

तिने श्वास सोडला. 'मग ठीक,' म्हणाली. 'म्हनजे माझंच होतं. सगळे ओरडले तेव्हा, तुम्ही एकटे नाय ओरडलात, दादा. मी आईला नेहमी सांगायची.' आणि दोन्ही हातांनी बोंबील उचलून माझ्या पिशवीत भरायला लागली. मी मागितले नव्हते तरी भरत होती. 'वहिनींना सांगा, सेलिनाने दिलेत म्हणून.'

मी पिशवीचं तोंड उघडून धरलं.