आमटीतली माती

त्या संध्याकाळी माझ्या आमटीत माती पडली नाही. गिरणीचा भोंगा होऊन बराच वेळ झाला होता, मी सवयीने ताटावर झाकण धरून बसलो होतो, आणि वरून काही पडेना. वैतागून छताकडे पाहिले... तेवढ्यात वरच्या खोलीतून जानकीवहिनींचा हंबरडा ऐकू आला. त्यांचा नवरा गंगाराम कामावरून आला होता, पाय धुतले होते, "जरा टेकतो" म्हणाला होता. तो टेकला तो पुन्हा उठलाच नाही. त्याला जाऊन आता काही आठवडे झाले, तरी जेवताना माझा हात अजून झाकणाकडे जातो.

लालबागच्या आमच्या चाळीत मी खाली राहतो आणि शाळेत मुलांना गणित शिकवतो. गंगाराम बरोबर माझ्या डोक्यावर राहत असे आणि नाचत असे. कोकणातून गिरणीत आलेली आमची ही मंडळी गणपतीत उजव्या पायात घुंगरांचा चाळ बांधून गोल धरतात, हे वाचकांनी पाहिले असेल. पण इतर लोक गणपतीत नाचतात, गंगाराम बाराही महिने नाचे. घरी आला की भिंतीवरच्या खुंटीचा चाळ पायात बांधायचा आणि खुंटीखालच्याच जागी ठेका धरायचा. जमीन लाकडी फळ्यांची, वर शेणामातीचे सारवण. प्रत्येक ठेक्याला त्यातले थोडे माझ्या ताटात येई. मी ओरडलो की वरून उत्तर येई, "मास्तर, दिसभर कापूस छातीत जातो वो. तो नाचूनशान झाडायचा. बसून ऱ्हायलं की तोपन बसतो!" हे शास्त्र कोणत्या ग्रंथात आहे ते मला ठाऊक नाही. एवढे खरे की त्याच्या वयाचे सोबती जिन्यावर दोनदा थांबत आणि हा वर जाताना गात असे. शिवाय माणूस विलक्षण आनंदी. दिवसभर मुकादमाच्या शिव्या खाऊन आलेला गडी घटकाभर नाचला की मुकादमाच्या आईचीही खुशाली विचारी!

मग एका वर्षी त्याचा गुडघा सुजला आणि त्याला दमही लागू लागला. गिरगावात माझ्या ओळखीचे एक डॉक्टर होते, त्यांना मीच घेऊन आलो. त्यांनी गुडघा दाबला, छातीला नळी लावली आणि हुकूम सोडला, "पूर्ण विश्रांती. नाच तर अजिबात बंद." मनात म्हटले, देवा, पावलास! त्या दिवशी मी झाकण घासून फळीवर ठेवून दिले.

पण काय सांगावे, तो गंगाराम राहिलाच नाही. त्याला झोप येईना, अन्न जाईना. तो जानकीवहिनींवर खेकसे, पाण्याच्या घागरीशी भांडे, खिडकीतल्या कावळ्याला अरे-तुरे करी. नंतर तर भांडणही सोडले आणि भिंतीकडे तोंड करून पडू लागला. ते मात्र मला बघवेना. माझी आमटी स्वच्छ होती आणि घशाखाली उतरत नव्हती.

एका सुटीच्या दुपारी भाताचा घास उचलतो तोच ताटात माती! मी संतापून वर धावलो. डॉक्टर मी आणलेला, औषध मी आणलेले, आणि हा नाचतो? दार ढकलले तर आत काय दिसावे? एवढ्या मोठ्या मिशांचा गंगाराम बायकोचे हात हातात धरून हळूहळू फुगडी खेळत होता, आणि तोंडाने चक्क "फू फू" करीत होता!

"मास्तर, दार लावा अगुदर!" तो ओरडला. लाजून त्याचे कान लाल झाले होते. भरदुपारी नवरा-बायकोंनी एकमेकांचे हात धरलेले चाळीने पाहिले असते तर गणपतीपर्यंत विषय पुरला असता.

"डॉक्टरांनी नाच बंद केला आहे ना, वहिनी?" मी विचारले.

"ह्यो नाच कुटं हाय?" वहिनी शांतपणे म्हणाल्या. "ही फुगडी. ती बायकांची आसते. सायबानं फुगडीचं नावपन नाय घेतलं."

गणिताच्या मास्तरालाही हा हिशेब मान्य करावा लागला. मी दार लावून घेतले, बाहेरून. मग रोज थोडी थोडी फुगडी होऊ लागली. गुडघ्याची सूज उतरली, भूक लागली, कावळ्याशी समेट झाला. महिन्याने डॉक्टर आले, खूश झाले आणि मला म्हणाले, "पाहिलेत? हा सगळा विश्रांतीचा गुण." गंगाराम मान खाली घालून म्हणाला, "व्हय सायेब." त्याच वर्षी गणपतीत तो पुन्हा गोलात होता.

त्यानंतर एकदा जिन्यात त्याने मला थांबवले. "मास्तर, मी गेलो तर हिला बसू देव नका. कोपऱ्यात बसली तर ती परत उटायची नाय. मना ठावं हाय, बसल्यावर काय व्हतं ते." मी हसण्यावारी नेले.

आणि वहिनी बसल्या. रीतच आहे आपली. नवरा गेला की बाईने कोपरा धरायचा. शेजारणी यायच्या, रडून जायच्या, आणि वहिनी भिंतीकडे तोंड करून असायच्या. तेच तोंड, तीच भिंत. माझा जीव तुटत होता. पण परपुरुषाने विधवेला काय सांगावे, उठा आणि फुगडी खेळा? एके दिवशी धीर करून दाराबाहेरूनच म्हणालो, "वहिनी, आमटी अगदी स्वच्छ असते हो हल्ली. गोडच लागत नाही." आणि मी आपला खाली आलो.

परवा भोंगा झाला. मी ताट वाढून घेतले आणि बसलो. वर काहीतरी खुळखुळले... थांबले. मग खुंटीखालच्या त्या जागी एक ठेका पडला, अगदी हलका, चोरून टाकल्यासारखा. थोड्या वेळाने दुसरा. फुगडीला समोर कोणी तरी लागते. चाळाला एक पाय पुरतो.

आमटीत माती पडली. मी झाकण बाजूला सारले आणि आमटी तशीच ओरपली.