नावं पाहून उठलो

रविवार, आठ फेब्रुवारी. अमरावती, प्रफुल्लचं घर आणि तिथून स्मशानभूमी. हजर: त्याची बायको वर्षा, धामणगावहून आलेले तिचे दोघे भाऊ, गुडघे धरून का होईना पण आलेले आमचे हिवरखेडचे काका, गल्लीतले शेजारी, अकोल्याचा त्याचा मित्र इरफान, जो मिळेल त्या गाडीनं उभ्यानं आला, आणि मी, त्याची चुलतबहीण. गैरहजर: ज्या वेबसाइटला त्यानं उमेदीची सगळी वर्षं दिली तिथलं कोणीही. घरात अशी वेळ आली की कोण आलं, कोण नाही हे टिपून ठेवण्याचं काम माझ्याकडे असतं. पुढे त्यांच्याकडे प्रसंग आला की जावं लागतं. त्या वेबसाइटकडे आम्हाला जावं लागणार नाही, एवढी एक सोय झाली.

झोपेतच गेला. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. वय जाण्याचं नव्हतं, हे सगळेच म्हणत होते, आणि त्यापाठोपाठ तो नेमकं करायचा काय, हेही विचारत होते. तिरडी बांधून होईपर्यंत काकांना राहवलं नाही. "चाळिशी उलटली तरी पोरगं खेळूनच राह्यलं, बाप्पा," ते म्हणाले. इरफान खाली मान घालून सुतळी ओढत होता. तो म्हणाला, "काका, काम होतं ते त्याचं." काका म्हणाले, "मी बी तेच म्हणतो ना. खेळाचं काम." दोनचार लोक हसले. मयतीत हसू येतं तेव्हा ते अडवत नाहीत, मीही अडवलं नाही.

तो काय करायचा ते लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा सांगावं लागणार नाही. प्रफुल्ल व्हिडिओ गेमवर मराठीत लिहायचा. अकोल्याला शिकायला म्हणून गेला आणि स्टेशनजवळच्या इरफानच्या नेट कॅफेत बसला, तो बसलाच. डिग्री राहिली. कॅफेच्या मागच्या खोलीत दोघांनी वेबसाइट सुरू केली. नवा गेम आला की हा तो खेळायचा आणि परीक्षण लिहायचा: कसा आहे, कोणासाठी आहे, आपल्याकडच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतो की अडकतो. इंग्रजीत हे सगळं होतंच. पण तेल्हाऱ्याच्या पोराला त्याच्या भाषेत कोणी सांगत नव्हतं की बाबा, पैसे जमवून हा घेऊ नको, तुझं मशीन ओढणार नाही. कोणता लेख केव्हा जायचा याचं वेळापत्रक मी अमरावतीहून सांभाळायची. मला गेममधलं काही कळत नव्हतं. तारखा कळत होत्या, आणि त्या तो कधीच पाळत नव्हता.

न पाळण्याचं कारण एकच. गेम शेवटपर्यंत खेळल्याशिवाय तो परीक्षण लिहून पुरं करायचा नाही. आणि शेवट म्हणजे गोष्टीचा शेवट नव्हे. गोष्ट संपल्यावर पडद्यावर बनवणाऱ्यांची नावं वर सरकत जातात, चित्र काढणारे, आवाज देणारे, चुका शोधणारे... लोक तिथे बंद करून उठतात. हा बसून राहायचा. सगळी नावं वाचायचा. छोट्या गेममध्ये कोणी आपल्या आईचे आभार मानलेले असत, कोणी मांजराचे. तेही वाचायचा. मी एकदा चिडून विचारलं की इंग्रजीवाल्यांचे लेख येऊन शिळे झाले आणि तू अजून नावंच कसली वाचतोस, तेव्हा म्हणाला, "ताई, पंगतीत जेवण झालं म्हणून लगेच उठते काय कोनी? ज्यानं वाढलं त्याचं तोंड तरी पाहून जाव का नाई?" आमच्या हिवरखेडला खरंच तशी रीत आहे. शेवटच्याचं जेवण होईपर्यंत आणि वाढणारे समोर येऊन उभे राहीपर्यंत पानावरून कोणी उठत नाही. लहानपणी लग्नाच्या पंगतीत हा घाईनं उठला म्हणून काकांनी त्याला खांदा दाबून परत बसवला होता. काकांना ते आठवत नाही. त्यानं मात्र त्यावर आयुष्य काढलं. प्रत्येक परीक्षणाची शेवटची ओळ ठरलेली असायची: नावं पाहून उठलो. वाचकांना ती एवढी पाठ झाली की ती दिसली नाही तर ते लगेच विचारत, भाऊ, पुरा नाही केला का अजून?

मग वेबसाइट मुंबईच्या एका कंपनीनं घेतली. इरफानचा कॅफे चालेना म्हणून तो तयार झाला, प्रफुल्लला पगार मिळणार म्हणून तोही. वर्षभर बरं चाललं. पुढे वाचणारे कमी होऊ लागले. पोरं वाचण्याऐवजी व्हिडिओ बघायला लागली, आणि जे शोधून यायचे त्यांना शोधयंत्रच बाहेरच्या बाहेर उत्तर द्यायला लागलं, आत यायची गरज उरली नाही. कंपनीनं यावर उपाय काढले. पहिला उपाय, परीक्षण गेम आल्याच्या दिवशीच हवं. यानं विचारलं की खेळायचा केव्हा. तिकडून उत्तर आलं, खेळायची गरज काय, माहिती तर सगळी आलेलीच असते. दुसरा उपाय, पैसे लावून खेळायच्या अॅपचे लेख, परीक्षणासारखे दिसणारे. यानं ते लिहायला नकार दिला, तर दुसऱ्या कोणाकडून लिहून घेऊन परीक्षणांच्या मधोमध टाकले. तिसरा उपाय, शेवटची ओळ काढा, शोधात तिचा काही उपयोग होत नाही. ती जुन्या लेखांतूनही काढली. चौथ्या उपायाला काही बोलायची वेळच आली नाही. लेख यंत्र लिहू लागलं.

त्याला कामावरून काढलं त्या दिवशी तो बडनेरा स्टेशनवर होता, अकोल्याच्या गाडीची वाट पाहत. फोनवर मीटिंग लागली. सगळ्या भाषांचे लिहिणारे एकत्र, आणि सगळ्यांचे आवाज तिकडूनच बंद केलेले. एका बाईंनी कागद वाचून दाखवला, वाईट वाटत असल्याचं सांगितलं आणि पडदा काळा झाला. त्यानं ते मला घरी येऊन सांगितलं, चहा पिता पिता, जणू गाडी चुकल्याचं सांगावं तसं. "मी नमस्कार म्हणलो, ताई. थो बी नाई गेला तिकडं. बाजूच्या बाकावरल्या बुवानं ऐकला अन् त्यानंच मले नमस्कार केला." वर्षा हसली. मीही हसले. तो हसला नाही, बिस्किट बुडवत बसला, ते कपात पडलं.

याहून वाईट पुढे झालं. काही दिवसांनी त्याच्या लेखांवरून त्याचं नाव गेलं. एकेका लेखावर त्याच्या नावाच्या जागी 'टीम' असं आलं. सगळ्या लेखांवर. नोकरी गेली तेव्हा तो दोन दिवसांत उठून कामाला लागला होता, कॅफेच्या जागी इरफाननं काढलेल्या दुकानात मोबाइल दुरुस्तीला बसू लागला होता. नाव गेलं तेव्हा मात्र तो बसला तो उठेना. जगभरच्या परक्या माणसांची नावं ज्यानं बसून वाचली, त्याचं नाव एका माणसानं एक बटण दाबून काढलं. त्यानं कंपनीला पत्रं पाठवली. मागणं एकच होतं, जे मी लिहिलं त्यावर माझं नाव राहू द्या. उत्तर यायचं, आपला संदेश मिळाला, आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात.

तो गेल्यावर ते पत्र मी लिहिलं. वर्षा म्हणाली होती, बाकी काही मागू नका, फक्त नाव लावा म्हणा. मी मुद्देसूद लिहिलं. या खेपेला मात्र त्यांनी दखल घेतली. वेबसाइटवर श्रद्धांजली आली. प्रफुल्लचा फोटो, आणि खाली मजकूर, की तो झटपट परीक्षणांसाठी ओळखला जाई आणि क्रिकेटचे गेम हा त्याचा प्राण होता. क्रिकेटचा गेम त्यानं जन्मात खेळला नाही. मजकुराच्या मधोमध पैसे लावायच्या अॅपची जाहिरात. खाली 'टीम'. त्याखाली एका वाचकानं, अगदी साधेपणानं, विचारलं होतं: हे कोण? मी ही साइट रोज वाचतो, हे नाव इथे कुठेच दिसलं नाही.

वर्षानं ते वाचून फोन पालथा ठेवला आणि भाजी निवडायला घेतली. मी पुन्हा पत्र लिहिलं, यावेळी चुकांची यादी करून. त्यांनी श्रद्धांजली काढून टाकली. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. महिना भरायच्या आत साइटवरचं सगळं जुनंच काढलं, कोणी वाचत नाही म्हणून. आता तो पत्ता उघडला तर थेट पत्त्यांचा जुगार उघडतो. नाव लावायला लेखच उरला नाही.

एक उरला आहे. घरातल्या मागच्या खोलीतल्या त्याच्या कॉम्प्युटरवर एक परीक्षण लिहून ठेवलेलं आहे, कोणासाठी नाही, सवयीनं. बर्फाच्या गावात पत्रं वाटणाऱ्या एका पोस्टमनचा गेम आहे, मूठभर लोकांनी बनवलेला. परीक्षण चांगलं आहे. मला गेममधलं काही कळत नाही, तरी त्यातली थंडी कळली. सगळं पूर्ण आहे, फक्त शेवटची ओळ नाही. इरफान म्हणाला, तो इंटरनेटवर एक वेगळं पान तयार करून ते तिथे लावतो, वर मोठ्या अक्षरात नाव. वर्षाचा थोरला भाऊ म्हणाला, मग लिहून टाका ना ती ओळ, कोण तपासायला येणार आहे. वर्षानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. "पाह्यलं नाई तं लिहायचं कसं?" ती म्हणाली. "आधी कोनीतरी पाहा."

गेम इरफाननं पुरा करावा असं ठरलं. तो खुर्चीत बसला, कीबोर्डवर हात ठेवला आणि उठला. म्हणाला, "मेरेसे नहीं होता, ताई. बटनावर त्याच्या बोटाचा खळगा पडला आहे." मग वर्षा माझ्याकडे वळली. "तुमीच करा, ताई. तुमी काम अर्धं सोडत नाई."

तेव्हापासून रविवारी मी तिथे बसते. गेम प्रफुल्लनं जिथे सोडला तिथून सुरू होतो, शेवटच्या गावाच्या अलीकडे. एक झुलता पूल आहे, वादळ आहे, पोस्टमनला पलीकडे न्यायचं आहे. मी नेते, तो मध्यावर पडतो. पडदा काळा होतो आणि विचारतो: तुम्ही मेलात. पुन्हा सुरू करायचं? पहिल्या वेळी वर्षा मागे उभी होती. तिनं ते वाचलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. आता मी बसले की ती खोलीत येत नाही, चहा उंबऱ्यावर ठेवून जाते.

मृत्यूचा दाखला झाला. बँकेचं झालं, गॅस वर्षाच्या नावावर झाला, सिमकार्ड बंद केलं, आलेल्यांकडे जाऊन आले. माझ्या कामांच्या वहीत फक्त पूल राहिला आहे. काल निघताना मी कॉम्प्युटर बंद केला, पण खुर्ची आत सरकवली नाही. नावं अजून यायची आहेत.