विमानापर्यंतचे चारशे मीटर

एकाहत्तरच्या युद्धात माझी पोस्टिंग पश्चिम सीमेवरच्या एका हवाई तळावर होती. मी कॉर्पोरल, इंजिन मेकॅनिक. आमच्या स्क्वाड्रनमध्ये फ्लाइट लेफ्टनंट पास्कल तुस्कानो होते. वसईचे, चारशे मीटर धावण्यात सर्व्हिसेस चॅम्पियन, म्हणजे तिन्ही सेनादलांत पहिले. इशारा झाला की क्रू-रूममधून विमानापाशी सर्वांत आधी तेच पोचत. मला म्हणत, "कदम, इंजिन तुझं. पायांचं मी बघतो."

विमानं मातीच्या बांधांआड, विखरून ठेवायची असा नियम होता. एका बाँबने दोन जायला नकोत. सरांचं विमान क्रू-रूमपासून पन्नास पावलांवर असे.

युद्धाच्या चौथ्या दिवशी एक बडे साहेब पाहणीला यायचे होते. पहाटेपासून आम्ही दगडांना चुना फासला. मग हुकूम आला, विमानं बाहेर काढा, एका रांगेत लावा. दोरी धरून नाकं जुळवली. वॉरंट ऑफिसरनी हुकूम घेऊन आलेल्या अधिकाऱ्याला विचारलं, "सर, हल्ला झाला तर?"

"साहेबांची वेळ दहाची आहे."

शत्रूला ही वेळ कळवली होती की नाही, ते आम्हाला सांगण्यात आलं नाही.

साहेब आलेच नाहीत. दहा चाळीसला सायरन वाजला. सरांचं विमान रांगेच्या पार शेवटी, चारशे मीटरवर. ते धावत आले. शिडी चढताना म्हणाले, "रांग मात्र झकास लावलीत." मी चाकांचे ठोकळे ओढले. विमान उठलं. चाकं आत जायच्या आधीच वरून गोळ्या आल्या.

अहवालात शौर्य होतं. चुना आणि दोरी नव्हती.

यंदा वसईत सरांच्या नावाने चारशे मीटरची शर्यत ठेवली. मी आता जवळच बोळिंजला राहतो, म्हणून मलाही एक शाल. फलकावर प्रमुख पाहुण्यांचा चेहरा विमानाहून मोठा, आणि विमान दुसऱ्याच देशाचं. निवेदक गरजत होता, "विमानाकडे घेतलेली ती ऐतिहासिक धाव!" धावपटू तासभर उन्हात ओळीने उभे. पाहुण्यांचा पत्ता नाही.

सरांची धाकटी बहीण मोनिकाबाय शेजारी होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "कदमभाऊ, एवढं लांब का धावावं लागलं त्याला?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. बांध, चुना, दोरी, साहेब.

त्यांनी धावपटूंकडे बोट दाखवलं. "आणि ही कोणासाठी उभी आहेत?"

"पाहुण्यांसाठी."

त्या काठी टेकत पंचाकडे गेल्या. "शिट्टी वाजव, बाबा."

"बाय, पाहुणे यायचेत अजून."

"पाहुण्यांचा कोण मेलाय? माझा भाऊ गेलाय. वाजव."

त्याने वाजवली.

फ्लाइट लेफ्टनंट पास्कल तुस्कानो सत्तावीस वर्षांचे होते. त्यांना पन्नास पावलं पुरली असती.